आचार्य उभे राहणार

एकदा एका लहानशा गणराज्यात अध्यक्षाची निवड जवळ आली होती. तिथला नियम सोपा होता. ज्याला अध्यक्ष व्हायचे असेल त्याने सभागृहात यावे, लेखनिकासमोर स्वतःच्या तोंडाने नाव सांगावे, आणि हे चैत्री पौर्णिमेच्या सूर्यास्ताआधी करावे. पौर्णिमा आठवड्यावर आली तरी एकही नाव नोंदले गेले नव्हते. ज्यांची नावे चर्चेत होती ते एकमेकांकडे पाहत थांबले होते, आणि सारे नगर त्यांच्याकडे पाहत होते. कोण कधी जाहीर करणार, यावाचून दुसरा विषय नव्हता.

या विषयातला जाणकार म्हणजे सोमिल. वय तिशीचे. बारा वर्षे तो एका वृद्ध आचार्यांपाशी राज्यशास्त्र शिकत होता. कोण कुणाला भेटला, कुणी प्रवास रद्द केला, कुणाच्या घराला अचानक रंग लागला, हे जुळवून तो आधीच तिथी सांगत असे, आणि बहुधा ती खरी ठरे. त्यामुळे नगरातले सर्वांत बडे व्यापारी, ज्यांना सारे श्रेष्ठी म्हणत, त्याला शेजारी बसवून घेऊ लागले होते. श्रेष्ठींची नदीकाठी कापड रंगवायची मोठी रंगशाळा होती. तिचे रंग मिसळलेले सांडपाणी खालच्या वस्तीच्या तळ्यात उतरत असे. ते थांबवलेच पाहिजे, असे उघड बोलणारी एकच व्यक्ती नगरात होती: तिथल्या वैद्यबाई. त्याही एकेकाळी आचार्यांच्याच शिष्या. त्या उभ्या राहिल्या तर निवडून येतील, असा सर्वांचा कयास होता.

"वैद्यबाई कधी जाहीर करणार?" श्रेष्ठींनी विचारले.

"त्रयोदशीच्या आत," सोमिल म्हणाला. "त्यांनी रुग्णांची कामं दुसऱ्यांना वाटून द्यायला सुरुवात केली आहे."

"आणि तुझे आचार्य? रोज पहाटे वैद्यबाईंकडे जातात म्हणे."

सोमिलला हे ठाऊक नव्हते. ज्याला साऱ्या नगराची हालचाल कळते त्याला स्वतःच्या गुरूंची कळू नये, हे त्याला लागले. दुसऱ्या दिवसापासून तो आचार्यांवर नजर ठेवू लागला.

आचार्य खरोखरच मागच्या दाराने बाहेर पडत. वैद्यबाईंच्या घरी जात, दार आतून बंद होई. तिथून ते त्या वेळी निर्मनुष्य असलेल्या सभागृहापाशी येत आणि पायऱ्या सावकाश चढत-उतरत. त्यांचे ओठ हलत असत, जणू भाषण घोकत असावेत. आश्रमात परतल्यावर ते आपले ग्रंथ एकेक करून शिष्यांना देऊन टाकत होते.

सोमिलने सारे जुळवले. वैद्यबाईंना माघार घ्यायला लावली आहे. भाषणाची तयारी चालली आहे. अध्यक्षांच्या निवासात जायचे म्हणून घर रिकामे होत आहे. बारा वर्षे ज्यांनी सत्तेच्या मोहापासून दूर राहायला शिकवले, त्यांनी हे आपल्यापासून लपवावे? आचार्यांना सरळ विचारावे, असे एकदा त्याच्या मनात आले. पण विचारले तर ते सावध होतील, असे वाटून तो गप्प राहिला.

आणि श्रेष्ठींना मात्र सांगून आला. "आचार्य उभे राहणार. पौर्णिमेला, अगदी शेवटच्या घटकेला."

श्रेष्ठींनी "नक्की?" असे दोनदा विचारले. संध्याकाळपर्यंत बातमी नगरभर झाली. त्रयोदशी आली आणि गेली. वैद्यबाईंनी नाव दिले नाही. पौर्णिमेच्या सकाळी मात्र स्वतः श्रेष्ठी सभागृहात गेले आणि नाव नोंदवून आले. सोमिल चमकला. हरण्याची शक्यता असेल तिथे हा माणूस कधी पाऊल टाकत नाही. आचार्यांविरुद्ध उभे राहायचे धाडस त्याला झाले कसे?

तोवर हार घेऊन आलेल्या लोकांनी आश्रमाचे अंगण भरले होते. एका म्हाताऱ्या कोष्ट्याने विचारले, "महाराज, आपण उभे राहणार ना?"

आचार्य अंगणात उतरले. गर्दीत शिरून ते चारदोन चेहऱ्यांसमोर थबकले. मग त्या कोष्ट्याच्याच खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सोमिल, तू का हा?"

कुणीतरी हसले. कोष्टी गोंधळून म्हणाला, "मी कोष्टी, महाराज."

हसू विरले. सोमिल पाच पावलांवर उभा होता.

"कार्तिकापासून नजर जात चालली आहे," आचार्य म्हणाले. "वैद्यबाई रोज डोळ्यांत औषध घालतात. उजेड सोसत नाही म्हणून दार लावून घेतात. पायऱ्या मोजून पाठ करतो आहे, पुढं एकट्याला चढता याव्यात म्हणून. ग्रंथ वाचता येत नाहीत, ते वाचणाऱ्यांना दिले. सोमिल, मागून येणारी तुझी पावलं मला ऐकू येत होती. तू जे पाहिलंस ते सगळं खरं होतं. फक्त विचारायचं राहिलं. श्रेष्ठींनी मात्र येऊन विचारलं, आणि मी उभा राहणार नाही हे त्यांना कळलं. संशय असाच असतो. विचारलं आणि उत्तर मिळालं तर तो उरत नाही, म्हणून तो विचारू देत नाही. पण दोष तुझ्या एकट्याचा नाही. आंधळ्याकडे शिकायला कोण येईल, या भीतीनं मीही लपवलं."

सोमिल तडक वैद्यबाईंकडे गेला. त्या एका रंगाऱ्याचा भाजलेला पाय धूत होत्या. चार माणसांसमोर सोमिल म्हणाला, "आचार्य उभे राहणार नाहीत. ती बातमी माझी होती. खोटी होती."

वैद्यबाईंचा हात थांबला. "मला श्रेष्ठींच्या माणसानं येऊन सांगितलं. आचार्यांसमोर मी कशी उभी राहणार? काल औषध घालताना त्यांना विचारणार होते. मग वाटलं, सांगायचं असतं तर त्यांनीच सांगितलं असतं. माझ्यावर विश्वास नसेल म्हणून बोलत नसतील." मग त्या म्हणाल्या, "मीही तुझ्यासारखंच केलं, सोमिल."

"मग आता येणार का?"

"हा पाय बांधून होऊ दे."

हा होकार की नकार, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. सोमिलने ते ताडून पाहण्याचा प्रयत्नही केला नाही. त्याने पट्टीचे दुसरे टोक धरले.

सूर्य मावळतीला टेकला तेव्हा सभागृहात लेखनिक वही मिटत होता. वैद्यबाई आल्या. हातांना लेप तसाच होता. त्यांनी मोठ्याने आपले नाव सांगितले. खांबापाशी उभे असलेले श्रेष्ठी सोमिलकडे वळले. "हे तुला माहीत होतं?"

"नाही," सोमिल म्हणाला. "मी त्यांना विचारायला गेलो होतो."

पुढच्या वर्षी त्या तळ्याचे पाणी खालच्या वस्तीतली माणसे पुन्हा पिऊ लागली, यावरून निवड कुणाची झाली ते समजावे.

नाव नोंदले त्या पौर्णिमेच्या संध्याकाळी, सभागृहाच्या पायऱ्यांपाशी येऊन थांबलेल्या आचार्यांना सोमिल हाताला धरून आश्रमात नेत होता. वाटेत त्याने विचारले, "आचार्य, आता आपल्याला कितपत दिसतं?"

आचार्य थांबले आणि त्याच्याकडे वळले.

"तू आहेस एवढं दिसतं. चेहरा दिसत नाही."

सोमिल त्यांच्या आणखी जवळ सरकला, आणि दोघे चालू लागले.