चार वाव पाणी

फार पूर्वी डोंगरांच्या कुशीत एक गाव होतं आणि गावाला लागून एक तळं, बरं का! कुणी खणलेलं नव्हे, आपसूक झालेलं. डोंगरातून तीन ओढे त्यात उतरत. पाणी असं गोड की पाहुणा दोन दिवसांसाठी यायचा आणि महिनाभर मुक्काम ठोकायचा.

त्या तळ्यावर एक म्हातारा नावाडी होता. दर फाल्गुनात तो बायकोला होडीत घेऊन तळ्यात शिरायचा. देवळाचा कळस आणि डोंगरातली खिंड यांच्या बरोब्बर मध्ये सगळ्यांत खोल जागा. तिथे तो दगड बांधलेली दोरी सोडायचा आणि दोन्ही हात पसरून वाव मोजायचा. सात वाव भरली तर गाव उन्हाळी भात लावी. कमी भरली तर पाणी फक्त पिण्यापुरतं. आज्या-पणज्यापासूनचं हे काम, मापात कधी कुणी चुकलं नव्हतं.

एका वर्षी त्या दिवशी नेमकं दाट धुकं पडलं. कळस दिसेना, खिंड दिसेना. पाणी कुठं संपतं नि आभाळ कुठं सुरू होतं, तेही कळेना. होडी ढगातून चालल्यासारखी वाटत होती. म्हातारा सवयीने वल्ही मारत गेला, अंदाजाने थांबला, दोरी सोडली. मोजतो तर चारच वाव! काठोकाठ भरलेल्या तळ्यात चार?

"जागा चुकली गं माझी," तो पुटपुटला.

"मग तसं सांगा की लोकांना. चार भरली, पण धुक्यात खात्री नाही म्हणावं."

घाटावर सगळं गाव वाट पाहत होतं. म्हाताऱ्याला त्याच्याच तळ्यात जागा सापडेना म्हणून हसतील, या विचारानेच त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत तो काठाला लागला आणि सांगून मोकळा झाला, "सात वाव."

गावाने हौसेने भात लावलं. पाटातून पाणी खेळलं, शेतं हिरवीगार झाली, आणि चैत्र सरता सरता तळ्याचा तळ उघडा पडला. भात करपलं. बायाबापड्या हंडे घेऊन दोन डोंगरांपलीकडच्या नदीवर जाऊ लागल्या.

म्हातारा बायकोबरोबर सुकल्या गाळातून चालत मधोमध गेला. आता सगळं लख्ख दिसत होतं, इकडे कळस, तिकडे खिंड. त्याने मान वर करून घाटाची वरची पायरी पाहिली, फाल्गुनात पाणी तिथवर होतं. ती चारच वाव उंच होती. पावसाळ्यात डोंगराचा कडा ढासळला होता, त्याची माती ओढ्यांनी आणून तळाशी बसवली होती. जागा चुकलीच नव्हती. म्हातारा मटकन खाली बसला आणि रडू लागला.

म्हातारी त्याच्याजवळ टेकली. "तुमचे हात खरं सांगत होते हो," ती म्हणाली, "तोंडानं तेवढा दगा दिला."

तात्पर्य एवढंच, की शंका आली तर बोलून टाकावी. लोक घटकाभर हसतील. लपवली तर साऱ्या गावाला रडावं लागतं.