धुळपाटीचे चार काठ

डोंगरपायथ्याच्या एका गावात एकदा एक वृद्ध हाडवैद्य राहत असत. मोडलेले हाड बोटांनी चाचपून जागेवर बसवावे आणि बांबूच्या कामट्या लावून पट्टी बांधावी, ही त्यांची विद्या. त्यांचा एकच शिष्य होता, चाळिशीला टेकलेला, हुशार आणि जरा जास्तच हळवा. गुरूंची दृष्टी आता मंदावली होती. त्यांच्यामागे पंचक्रोशीची मोडकी हाडे याच शिष्याच्या हाती यायची होती, आणि नेमके तेच हात थरथरू लागले होते.

झाले असे की, विणकाम करणाऱ्या एका बाईच्या मनगटाला त्याने पट्टी बांधली ती करकचून. संध्याकाळपर्यंत बोटे निळी पडली. गुरूंनी लगबगीने जाऊन पट्टी सोडली म्हणून हात वाचला, पण दोन बोटे बधिर झाली ती कायमची. बाई रागावली नाही. तिने सूत त्या बोटांवरून फिरवून पाहिले आणि नुसती मान हलवली. तेव्हापासून शिष्याच्या जिवाला घोर लागला. पुढच्या रोग्याची पट्टी त्याने भीतीपोटी सैल बांधली, तर हाड सरकले आणि त्या बिचाऱ्याला दुसऱ्यांदा कळा सोसाव्या लागल्या. आवळावे तरी धास्ती, सोडावे तरी धास्ती. मग तो रोग्यांच्या घरी दिवसातून पाच-पाच चकरा मारू लागला, इतक्या की लोक त्याला लांबून पाहूनच दार लोटून घेत. अन्न गोड लागेना. ही विद्या आपल्याला पेलत नाही, आपण ती सोडतो, असे त्याने शेवटी गुरूंना सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरूंनी आपल्या खोलीतून एक धुळपाटी आणली. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरून पोरे बोटाने अक्षरे गिरवतात, तीच.

"ज्याची भीती वाटते ते यावर लिही," ते म्हणाले. "रोज, कामाला हात लावण्याआधी."

शिष्याने लिहिले, ‘माझ्या हातून काहीतरी भयंकर होईल.’ गुरूंनी ते वाचण्याची तसदीही घेतली नाही. तळहात फिरवून धूळ सारखी केली आणि उठून गेले.

रोज हेच होऊ लागले. शिष्य मनातून चिडला. या वयात पोरांची पाटी घेऊन बसायचे, आणि लिहिलेले एक अक्षरही उरायचे नाही, याला काय म्हणावे? पण गुरूंचा शब्द मोडण्याची त्याची छाती नव्हती. आठवडाभराने त्या ‘भयंकर’ शब्दाचा त्याला स्वतःलाच कंटाळा आला. भयंकर म्हणजे नेमके काय, असे मनात येऊन बोट धुळीतच थांबले. मग त्याने लिहिले, ‘पट्टी घट्ट बसेल.’ महिन्याभराने लिहिले, ‘सूज वाढली की बेताची पट्टीही घट्ट होते.’ आणि एके सकाळी, ‘दुपारी एकदा नखे पाहावीत.’ पाच चकरांची एक चक्कर झाली. धास्ती मात्र पुरती गेली नव्हती.

असे चार महिने लोटले, आणि एके दिवशी गुरूच अंगणाच्या पायरीवरून घसरले. उजवे मनगट मोडले. अंधुक डोळ्यांच्या त्या माणसाला सारे काही बोटांनीच दिसत असे, आणि तीच बोटे आता पणाला लागली होती. गुरूंनी तो हात शिष्यापुढे केला. विणकरणीची ती दोन बोटे शिष्याच्या डोळ्यांपुढून हलेनात. दुसऱ्या कुणाला बोलवावे म्हणून तो उठलाही, पण दारातून मागे फिरला आणि धुळपाटी घेऊन बसला. त्याने लिहिले, ‘ही बोटे बधिर होतील.’ क्षणभर त्या अक्षरांकडे पाहिले, आणि पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने ती पुसली. मग त्याने हाड बसवले, पट्टी बांधली, तिच्याखाली करंगळी सरकवून अंतर पाहिले. धास्ती होतीच, पण काय करायचे ते हातांना ठाऊक होते.

गुरूंची कळ ओसरल्यावर शिष्याने इतके दिवस मनात ठेवलेला प्रश्न विचारला. लिहिलेले पुसायचेच होते, तर लिहायला का लावले?

गुरू म्हणाले, "कागद दिला असता तर तू वळणदार अक्षर काढत बसला असतास. कुणी वाचेल म्हणून थोडे खोटेही लिहिले असतेस. तुझे लिखाण घेऊन मी काय करणार? लिहून उठलेला माणूस मला हवा होता. मनातल्या भीतीला काठ नसतो, ती वाट मिळेल तिकडे पसरते. पाटीला चार काठ आहेत. तेवढ्यात मावायचे तर तिला आपले नाव सांगावे लागते, आणि नाव कळले की पुढचे हातांना सुचते. काल अंगण झाडले म्हणून आज केर पडायचा राहत नाही, म्हणून हे रोज."

एवढे बोलून त्यांनी डाव्या हाताने पाटी ओढून घेतली आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिले, ‘बोटांना पुन्हा दिसेल का?’

शिष्य चमकला. फळीचा एक काठ तळहाताच्या रुंदीइतका झिजून गुळगुळीत झाला होता, हे त्याला आत्ता दिसले. चार महिन्यांत लाकूड इतके झिजत नाही, आणि पोराचा तळहात एवढा रुंद नसतो. त्याने हलक्या हाताने धूळ सारखी केली आणि पाटी गुरूंच्या उशाशी ठेवली.

दुपारी तो गुरूंची नखे पाहायला आला. ती गुलाबी होती. त्याने एकदाच पाहिले, आणि तो जेवायला गेला.