शेवूचा पांढरा वजीर

एक गाव होतं, गावात एक बाग, आणि बागेच्या कोपऱ्यात माळीबुवांचं इवलंसं खोपटं. तिथं राहायची त्यांची शेवंती, लाडाची शेवू. फ्रॉकला ठिगळं, पण डोळे कसे, जणू दोन चमचमते काजवे.

आई होती तेव्हा रोज संध्याकाळी आई-बाबा ओट्यावर बुद्धिबळ मांडायचे. बाबांची चाल चुकली की आई हसायची, "घ्या हो मागं. घरचाच डाव आहे." मग आई देवाघरी गेली. पांढरा वजीरही कुठंसा हरवला. बाबांनी पट गुंडाळला तो गुंडाळलाच. शेवू आपली वजिराच्या जागी चिंचोका ठेवून एकटीच खेळायची.

गावात मुलांची स्पर्धा भरली. बक्षीस होतं नवंकोरं लाकडी बुद्धिबळ. ते मिळालं तर बाबा पुन्हा खेळायला बसतील, एवढंच शेवूच्या मनात.

शेवटच्या डावाला निघताना तिला सुकलेली गुलबक्षी दिसली. तिनं बाटलीतलं सगळं पाणी तिला पाजलं. तशी गुलाबी फुलातून चिमुकली परी उतरली, पंखांवर चांदणचुरा.

"एक खेळी मागं फिरवता येईल तुला," परी म्हणाली. "पण एकदाच. मग दुसरं काही मागायचं नाही हं."

शेवटच्या डावाला समोर होता डॉक्टरांचा निनाद. "तू चिंचोक्यानं खेळतेस ना गं?"

"हो. शह द्यायला तोही चालतो."

डाव रंगला. निनादनं घोड्याकडे हात नेला आणि त्याला सटकन शिंक आली. बोट लागलं वजिराला.

"हात लागला ती सोंगटी चालायची," पंच म्हणाले. वजीर हलला की मरणार होता. निनादचे ओठ थरथरू लागले.

बक्षिसाच्या लाकडी सोंगट्या आता शेवूच्याच होत्या. पण तिच्या कानात आई हसली. शेवूनं डोळे मिटले नि खेळी फिरवली, निनादची.

शिंक आलीच नाही. शेवूशिवाय कुणाला काही आठवेना. निनादनं घोडा चालवला, अन् शेवटी शेवूवर मात केली.

रिकाम्या हातानं ती बागेत आली. परी वाटच पाहत होती.

"मागायचं नाही म्हटलं होतं, वेडाबाई. मी द्यायचं नाही, असं कुठं म्हटलं?"

सोनेरी, रुपेरी, गुलाबी उजेड भरभरून सांडला आणि परी त्यात विरून गेली. गुलबक्षीच्या ओल्या मातीत काहीतरी लुकलुकत होतं. आईचा पांढरा वजीर.

बाबांनी तो धोतरानं पुसला, कितीतरी वेळ पुसला. मग आतून पट आणला. खेळायची सवय मोडली होती, दुसऱ्याच खेपेला चाल चुकली.

"घ्या मागं, बाबा," शेवू हसली. "घरचाच डाव आहे."