बंधाऱ्यातला गूळ

खूप खूप मागे, मजुरी धान्यात मिळायची त्या काळात, डोंगराच्या पायथ्याशी एक राज्य होतं. तिथली नदी पावसाळ्यात दुथडी वाहायची आणि माघ संपता संपता कोरडी पडायची. म्हणून राजाने नदीवर दगडी बंधारा बांधायचं ठरवलं.

राजा मनाने चांगला होता. कामाला सुरुवात व्हायच्या आधी त्याने दवंडी पिटवली. "दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत जो राबेल, त्याला दोन शेर ज्वारीपेक्षा कमी कोणी देऊ नये. आणि जो चुन्यात काम करेल, त्याला वर मूठभर गूळ आणि पळीभर तेल."

गूळ कशाला आणि तेल कशाला, असं तुम्ही विचाराल. चुन्याची धूळ घशात बसते, ती गुळाने सुटते. चुन्याने हाताची सालटं निघतात, त्यांना तेल लागतं.

दवंडी ऐकून लोकांना बरं वाटलं. राजालाही बरं वाटलं. तो महालात परत गेला आणि पुन्हा बंधाऱ्याकडे फिरकला नाही.

चुना कुटायला बारा बाया होत्या. दगडी कुंडात चुना आणि वाळू घालायची, त्यात गूळ कालवलेलं पाणी ओतायचं, आणि मुसळांनी कुटत राहायचं. गुळाने चुना चिवट होतो, मग तो दगडाला दगड धरून ठेवतो. त्या बायांत एक थोरली होती, डोक्याचे सगळे केस पिकलेली. आणि एक धाकटी होती. धाकटीचा नवरा दगडाच्या खाणीत दगडाखाली सापडून गेला होता. तिची आठ महिन्यांची मुलगी बाभळीला बांधलेल्या झोळीत निजायची. मुलीला आईच्या दुधाशिवाय काही नव्हतं, आणि आईला मजुरीशिवाय काही नव्हतं.

कामावर एक कारभारी होता. तो काही दुष्ट नव्हता. त्याला फक्त एवढंच वाटायचं, की काम पुरं झाल्यावर कोठारात ज्वारी उरलेली दिसावी आणि राजाने पाठीवर हात ठेवावा.

पहिल्या संध्याकाळी त्याने बायांच्या पदरात एकेकच शेर ज्वारी घातली.

थोरली म्हणाली, "कारभारी, दवंडीत दोन शेर होते. गूळ-तेल तर दिसतच नाही."

"आजी, दवंडी नीट ऐकली का? दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत, असं म्हटलंय. तुम्ही येता दिवस कासराभर वर आल्यावर. जाता दिवस कासराभर असताना."

"अवो, तुम्हीच उशिरा बोलावता न् लवकर सोडता!"

"मग बरंच की! घरी जाऊन आराम करा."

"आराम? कुंडं तर पुऱ्या दिवसाची आठच्या आठ कुटून घेता आमच्याकडनं. पाणी प्यायला उसंत नाही."

"आणि गूळ-तेल भट्टीवर चुना भाजणाऱ्यांचं," कारभारी म्हणाला. "तुम्ही तर नुसता कुटता. एवढ्या मोठ्या कामात शेरभर ज्वारीसाठी काय भांडायचं?"

बाया घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या. न येऊन खायचं काय? आणि सांगायचं कुणाला?

एक शेर ज्वारीत काय होतं? सासूची भाकरी होते, दिराच्या पोरांची होते. आपल्या वाट्याला येते ती चतकोर. धाकटीचं दूध आटायला लागलं. मुलगी ओढायची, ओढायची, मग तोंड सोडून किंचाळायची. तिची टाळू खोल गेलेली दिसायची. ज्या आईने हे पाहिलंय, तिला जास्त सांगायला नको.

एका दुपारी धाकटी कुंडात घालायची गुळाची ढेप फोडत होती. झोळीतून रडणं येत होतं. तिने एक खडा उचलला आणि तोंडात टाकला.

थोरलीने ते पाहिलं. धाकटी तिच्याकडे बघतच राहिली.

"बघतेस काय भुतासारखी?" थोरली म्हणाली. "मलाही दे. बंधाऱ्याचं तोंड गोड करायच्या आधी आपलं करू."

बाराही जणी हसल्या, पुष्कळ दिवसांनी. मग रोजच तसं होऊ लागलं. अर्धी ढेप कुंडात, अर्धी पोटात. थोडी पदराच्या गाठीत, घरच्या पोरांसाठी.

"आक्का, भिंतीला कमी नाही ना पडणार?" धाकटीने एकदा विचारलं.

"एवढी मोठी भिंत," थोरली म्हणाली. "तिला मूठभर गुळाचं काय?"

मुलगी पुन्हा पोटभर पिऊ लागली. आणि मधली चार हात भिंत तशाच चुन्यावर उभी राहिली.

मग एके दिवशी भिंत बांधणाऱ्या म्हाताऱ्या गवंड्याने चुन्याचा गोळा करून पाण्याच्या घागरीत टाकला. चांगला चुना पाण्यात तसाच राहतो. हा गोळा बघता बघता विरघळला. गवंड्याने बायांकडे पाहिलं. त्यांची काटकुळी मनगटं पाहिली. तो सरळ कारभाऱ्याकडे गेला.

"मधली भिंत पाडून पुन्हा बांधायला हवी. आणि त्या बायांना पुरी मजुरी द्या, त्यांच्या हक्काचा गूळ द्या. त्यांचा गूळ त्यांना मिळाला, की भिंतीचा गूळ भिंतीत जाईल."

"पाडू?" कारभारी घाबरला. "राजाला काय सांगू? आणि चोरांना गूळ वाटू?"

त्याने मधल्या भिंतीला बाहेरून चांगल्या चुन्याचा हात मारून घेतला. गुळावर पहारेकरी बसवला. आणि सगळ्यांना बजावलं, "ज्याने गूळ खाल्ला त्याचं नाव कळलं, तर त्याला पोराबाळांसकट राज्याबाहेर घालवीन."

धाकटीने झोळीकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. बाकीच्यांनीही मिटलं. पावसाळ्याआधी बंधारा पुरा झाला. बाहेरून तो फार सुंदर दिसत होता.

भाद्रपदात नदी फुगली. पाणी बंधाऱ्याला टेकलं. राजा नारळ आणि ओटी घेऊन पाण्याची पूजा करायला आला. लोक भिंतीवर उभे राहिले, पोरं खाली नाचू लागली. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला मजुरांच्या झोपड्या होत्या, आणि त्यांच्या पलीकडे राजाचं धान्याचं कोठार.

धाकटी मुलीला कडेवर घेऊन काठावर उभी होती. तिचं लक्ष मधल्या भिंतीकडे गेलं. दगडांच्या सांध्यांतून पाणी झिरपत होतं, आणि ते पांढरं होतं. दुधासारखं. आतला चुना विरघळत होता.

बोलावं तर देशोधडी. पोरीला घेऊन कुठे जाणार, काय खाऊ घालणार? न बोलावं तर खाली इतकी पोरं.

थोरली तिच्या कानाशी म्हणाली, "तू बोलतेस का मी बोलू?"

"उतरा!" धाकटी ओरडली. "सगळे उतरा! भिंत कच्ची आहे! तिच्यातला गूळ आम्ही खाल्लाय!"

"बघा, चोर आपल्या तोंडाने बोलली!" कारभारी ओरडला. "धरा तिला!"

दोन शिपायांनी तिला धरलं. त्यात जी वेळ गेली, ती गेली. मग राजाने ते पांढरं पाणी पाहिलं आणि लोकांना पळायला सांगितलं. भिंतीवरचे लोक उतरले, नाचणारी पोरं वर आली. थोरली झोपड्यांकडे धावली होती, आत निजलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना हाका मारत. मधली भिंत पोटातून फाटली. थोरली परत आली नाही. कित्येक परत आले नाहीत.

पाणी ओसरल्यावर राजाने धाकटीला समोर बोलावलं. "तू चोरी का केलीस?"

ती खाली बघत म्हणाली, "मला दूध येत नव्हतं, महाराज."

"दोन शेर ज्वारी रोज मिळत होती. वर गूळही होता."

"कुणाला?" तिने विचारलं.

राजाने कारभाऱ्याकडे पाहिलं. मग म्हातारा गवंडी पुढे झाला आणि त्याने सगळं सांगितलं.

राजा म्हणाला, "हुकूम मी दिला. तो पोचला की नाही, हे बघायला मात्र मी एक दिवस आलो नाही."

त्याने कारभाऱ्याला काढून टाकलं. बायांना माफ केलं. आजपासून उशिरा बोलावलेल्यालाही पुरे दोन शेर, आणि चुना कुटणारीलाही गूळ आणि तेल, असं त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

पण द्यायचं कशातून? कोठार वाहून गेलं होतं. त्यात जपून ठेवलेली सगळी ज्वारी गेली, पुढच्या पेरणीचं बीसुद्धा गेलं. दिवाळीच्या आत घरं रिकामी व्हायला लागली. जो तो पोरं पाठीवर बांधून परमुलखात काम शोधायला निघाला.

धाकटीही गेली. ज्या वाटेने ती गेली, त्या वाटेला पुढे तीन दिवस गाव नव्हतं. तिची मुलगी जगली का, हे कुणाला कधी कळलं नाही.

बोध : राबणाऱ्याचं पोट भरेल एवढी मजुरी हेसुद्धा कामाचंच सामान असतं, ते कमी घातलं, की काम कच्चं राहतं.