रिकामी तागडी

वस्तू बोलत आणि प्राणी त्यांचं ऐकत, त्या काळी एका वाण्याच्या दुकानात चिमणी आणि उंदीर यांचा वाद पेटला. चिमणी म्हणे देव आहे, उंदीर म्हणे नाही. पैज लागली की हरेल त्याने इथला दाणा पुन्हा टिपायचा नाही. न्याय तागडीने करायचा.

एकेका मुद्द्याला एकेक चिंचोका ठरला. "मधमाश्यांची घरं इतकी रेखीव कशी?" म्हणत चिमणीने आपल्या पारड्यात चिंचोका टाकला. "मग माझी आंधळी पिल्लं मांजराने का खाल्ली?" म्हणत उंदराने आपल्यात टाकला. मुद्दे संपले तेव्हा चिमणीचं पारडं खाली होतं.

"जिंकले!" चिमणी नाचली. उंदराने चिडून दोन्ही पारडी रिकामी केली. तरीही चिमणीचं पारडं खालीच! त्याच्या खालच्या बाजूला गुळाचा खडा चिकटला होता.

"तागडीबाई, आधी बोलायचं नाही का?" उंदीर तागडीवर ओरडला.

"वाणी मला आधी रिकामी उचलून बघतो, मगच तोलतो. तुम्हाला कुठला धीर?"

उंदराने तो गूळ चाटून टाकला. दांडी लगेच त्याच्या बाजूला कलली. तो 'जिंकलो' म्हणणार होता, पण थबकला. "चिमणाबाई," तो म्हणाला, "जरा माझ्याही पारड्याखाली बघ."

तिथेही गूळ होता. तो खरवडल्यावर दांडी सरळ झाली.

"मग देव आहे की नाही?" चिमणीने हळूच विचारलं.

तागडी म्हणाली, "तुम्ही चिंचोके ठेवलेत, मी चिंचोके तोलले. देवाला पारड्यात ठेवलंय कुणी?"