दारं कोण मोडतंय?

"एवढंच सांगा, चाचा. जुना डबा न काढता नवा लावता येतोय का नाही?"

"येतो की. आधी नवा उभा राहतो, मग जुना निघतो."

"निघतो कशाला? राहू दे की त्यो."

मुल्लाचाचांनी चष्मा कपाळावर चढवला आणि दारात उभ्या पोराकडे पाहिलं. भादरलेल्या डोक्यावर केस आत्ता कुठं टोचायला लागले होते. चप्पल पायातच होती.

"कुठला डबा, भैरू?"

"दादानं लावलेला."

चाचांनी त्याला बस म्हटलं. तो बसला नाही.

अंकुश जाऊन सतरा दिवस झाले होते. साधा ताप, साधा ताप म्हणता म्हणता चौथ्या दिवशी माणूस हातातून निसटला. टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेल्या चाचांनी त्याला कॉम्प्युटरचं काम शिकवलं होतं. अंकुशनं नववीतून शाळा सोडलेल्या धाकट्या भावाला जमेल तेवढं शिकवलं. तासगावातल्या एका खोलीतून दोघं भाऊ डायलिसिसच्या पेशंटांना मोबाइलवर पाळी कळवणारं ॲप चालवायचे.

अंकुशची स्वतःची भाषा होती. कंटेनरला तो डबा म्हणायचा. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकाच डब्यात बंद, कुठल्याही मशिनवर न्या नि उघडा. कोडमध्ये एक अक्षर जरी बदलून पुढं सोडलं, तरी नवा डबा आपोआप भरावा, तपासून घ्यावा आणि सर्व्हरकडे निघावा, अशी त्यानं सोय बांधली होती. तिला तो पाट म्हणायचा.

पाटाच्या शेवटी मात्र सगळं थांबायचं. माणसानं हो म्हटल्यावरच पुढं. ते दारं. उसाला पाणी पाजताना मातीचं दारं मोडल्याशिवाय पाणी पुढच्या सरीत जात नाही, तसं.

सतरा दिवसांत भैरूनं पाटच सोडला नव्हता.

"सर्व्हर उघडला की दिसतंय, चाचा. चालू, एकोणीस दिवस. काल अठरा होतं." तो भिंतीशी बोलत होता. "दादानं सुरू केलेलं तेवढंच एक अजून चालू हाय."

"आणि तानूबाई?"

डायलिसिस सेंटरच्या वेळा बदलल्या होत्या. नवा डबा लावायचा नाही म्हणून भैरूनं चालू डब्यातच हात घालून वेळा बदलल्या. पडद्यावर नवी वेळ आली, पण मेसेज जुन्याच वेळेचा गेला. शेवटच्या वाडीतली तानूबाई पहाटे सहाला येऊन बसली. तिची पाळी दुपारी दोनला होती. पाय सुजलेले, पदराच्या टोकाला बांधलेली अर्धी भाकरी. कुणावर ओरडली नाही. "अंकुशचा मेसेज हाय म्हणून आले," एवढंच म्हणाली.

"आज दोघं आले तसेच," भैरू हळूच म्हणाला. "उद्या आणखी येतील."

"मग?"

"मग आज परत हात घालतो आत. कुठं चुकलंय ते घावलंय."

"आजवर किती वेळा घातलास?"

"रोज. एक दाबलं की दुसरं वर येतंय."

"म्हणजे त्या डब्यात आता अंकुशचं काय उरलंय?"

"चालू हाय न्हवं," भैरू म्हणाला. "मी चालू ठेवलंय."

"कुणाला?"

बाहेर चाचांची नात कोंबड्या हाकत होती. भैरू धपकन खाली बसला. चप्पल काढून त्यानं उंबऱ्याबाहेर भिरकावली, जणू तिचीच सगळी चूक होती.

चाचांनी लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला.

"नव्या वेळा कोडमध्ये घाल. हात घालून नाही, नीट. आणि पाट सोड."

"चाचा, जुना जाईल..."

"दारापर्यंतच सोड. दारं काय आपोआप मोडतंय?"

भैरूनं वेळा घातल्या. एक चूक झाली, खोडली, परत घातल्या. पाट सोडला. नवा डबा भरू लागला. पडद्यावर ओळी मुंग्यांसारख्या वर पळू लागल्या आणि तो कोपऱ्यातल्या एका ठिपक्याकडे डोळे लावून बसला.

"काय बघतोस?"

"हिरवं होतंय का ते."

"मधलं?"

"ते पळतंय. दादा वाचायचा ते."

"मग थांबव, आणि वाच."

"इंग्रजी असतंय सगळं..."

"वाच म्हटलं ना."

हिरवं झालं. भैरूनं ओळी मागं ओढल्या. वैतागून ओढता ओढता त्याचं बोट अडकलं. इंग्रजीच्या गर्दीत चार ओळी मराठीत होत्या. पडद्याला नाक लावून, अक्षर अक्षर जोडत तो वाचू लागला.

"खोटा पेशंट... भैरू. वय पाच. तक्रार... हट्टी."

तो थांबला.

"वाच पुढं."

"भैरू आला का? आला. भैरूला... पाळी मिळाली का? मिळाली." त्यानं ओळीवर बोट ठेवलं. "भैरू घरी गेला का? गेला."

कोंबड्या गप्प झाल्या होत्या.

"हे कधीपास्नं हाय?"

"पहिल्या दिवसापासून. डबा तपासायला एक खोटा पेशंट लागतो. त्याला पाळी मिळाली, मेसेज गेला, उठून गेल्यावर खुर्ची मोकळी झाली, तरच डबा पास. मी म्हटलं, घाल कुणीतरी रामा-गोमा. तर म्हणतो, न्हाई चाचा, आमच्या भैरूलाच घालतो. त्याच्या हातून पास झालं की जगात कुठंबी पास होतंय."

भैरूला हसू फुटलं आणि त्याच हसण्यात तो रडायला लागला. शर्टाच्या बाहीनं नाक पुसत म्हणाला, "मला बोलला न्हाई कधी."

"तू कधी मधलं वाचलंस?"

"दरवेळी विचारतंय हे? भैरू आला का म्हणून?"

"दरवेळी. नवा डबा भरला की."

"आणि मी सतरा दिवस..."

कपाळावरचा चष्मा चाचांनी डोळ्यांवर घेतला, काच पुसायची राहिली म्हणून परत काढला.

पडद्यावर पाट दाराशी येऊन थांबला होता. तिथंही अंकुशचीच एक ओळ होती. तिच्यापुढं रिकामी जागा, आणि त्या जागेत एक उभी रेघ लुकलुकत होती.

दारं कोण मोडतंय?

आजवर तिथं एकच नाव पडलं होतं.

भैरूची बोटं की-बोर्डवर गेली. अ टाइप केला. चाचांकडे पाहिलं. चाचा बाहेर बघत होते. त्यानं अ खोडला. रेघ परत लुकलुकायला लागली.

"चाचा."

"हं."

"दहाव्याला घाटावर समदी म्हणत हुती, कावळा लवकर शिवणार न्हाई. तरणाताठा गेलाय, जीव अडकला असंल. मी ठरवून गेलतो, कावळा आला न्हाई तर काय काय कबूल करायचं ते. आईला बघतो म्हणणार हुतो. पुस्तक वाचतो म्हणणार हुतो. तोंड उघडायच्या आत शिवला, चाचा. पिंड ठेवून हात मागं घेतोय तोवर..."

भैरूनं टोचऱ्या डोक्यावरून हात फिरवला.

"काय मागायचं हुतं का न्हाई त्याला माझ्याकडं? जरासुदीक थांबला न्हाई."

चाचांनी लॅपटॉपचा पडदा किंचित त्याच्याकडे वळवला.

"थांबलाय की," ते म्हणाले. "नाव विचारतोय."