पेटीतली डोकी आणि रेगेसाहेबांचा चहा

एका बंदराच्या गावात संगणक बनवणारी एक कार्यशाळा होती. संगणक कपाटाएवढे असायचे आणि अक्कल मात्र वाटीभर, त्या काळातली ही गोष्ट. तिथले मुख्य रचनाकार त्र्यंबक रेगे. माणूस हुशार, कामाला वाघ, पण एका जागी बसतील तर शपथ! सतत येरझाऱ्या, सतत हातात पेन्सिल, सतत तोंडात एकच, "झालं का? झालं का?"

त्यांची घाई उगाच नव्हती. समुद्रात वादळ उठलं की ते कुठं वळणार, याचं गणित कार्यशाळेतला जुना संगणक करायचा. तो बिचारा इतका सावकाश चालायचा, की वादळ येऊन गेल्यावर त्याचं उत्तर हाती पडायचं. काय चाटायचंय असलं उत्तर? मागच्या हंगामात असंच झालं आणि चांगुणा कोळणीचा नवरा परत आलाच नाही. आता तिचा लेक दर्यात जायला लागला होता. मासळी विकून घरी जाताना चांगुणा कार्यशाळेच्या दारात थांबायची आणि विचारायची, "सायेब, बोलली का तुमची पेटी?"

रेगेसाहेब "अजून नाही" म्हणायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. रात्री त्यांना झोप लागत नसे.

आता जरा लक्ष देऊन ऐका. संगणकात आकडेमोड करणारं एक डोकं असतं, त्याला प्रोसेसर म्हणतात. रेगेसाहेबांनी ठरवलं, एकाच पेटीत पुष्कळ डोकी बसवायची. सगळ्यांचे आकडे एकाच मोठ्या कोठारात ठेवायचे, आणि कोठाराकडे जायला तारांचा एकच सामाईक रस्ता. त्या रस्त्याला बस म्हणतात. एस.टी. नव्हे हं! या रस्त्यावर एका वेळी एकालाच बोलता येतं, बाकीच्यांनी थांबायचं.

दोन डोकी बसवली, काम झपाट्यानं झालं. चार बसवली, आणखी झपाट्यानं. आठ बसवली आणि पेटी रेंगाळली. मग साहेबांनी काय करावं? आणखी डोकी बसवली! पेटी आणखीच रेंगाळली. सगळी डोकी रस्ता मोकळा व्हायची वाट बघत बसलेली. काम कोण करणार, कपाळ?

शालिनी वर्दे म्हणून तिथं दुसऱ्या रचनाकार होत्या. त्या साहेबांच्या बरोबरीच्या, आणि बोलायला फटकळ. त्या म्हणाल्या, "साहेब, आता पुरे. डोकी कमी नाहीत, रस्ता तुंबलाय. प्रत्येक डोक्याला जवळच एक छोटं फडताळ द्या. लागणाऱ्या आकड्यांची नक्कल त्यात ठेवू दे. मग उठसूट कोठाराकडे कोण धावेल?"

साहेबांना पटलं. फडताळं करायची असं ठरलं. पण त्यात एक गोम होती. एका डोक्यानं वाऱ्याचा आकडा बदलला, तर दुसऱ्याच्या फडताळात जुनाच वारा पडून राहणार. तो शिळा आकडा घेऊन ते गणित करणार, आणि तेही अगदी ऐटीत! यावर उपाय शोधायचं काम शालिनीबाईंनी अंगावर घेतलं.

कार्यशाळेत एक रीत होती. चहाच्या वेळी सगळ्यांनी कप घेऊन मधल्या दालनात जमायचं. ज्यानं आपल्या कामात काही बदललं असेल त्यानं मोठ्यानं ओरडून सांगायचं, "माझ्याकडे बदललं!" ज्याच्याजवळ जुना आराखडा असेल त्यानं तो तिथल्या तिथं फाडायचा. ही रीत कोणी पाडली? खुद्द रेगेसाहेबांनी. पण अलीकडे घाई एवढी, की साहेब आपला चहा खोलीतच मागवायचे. कप तसाच गार व्हायचा आणि साहेब खोलीत येरझाऱ्या घालत राहायचे.

रस्त्याची पट्टी, म्हणजे त्या सामाईक तारा जिच्यावर बसवायच्या ती फळी, साहेबांनी स्वतः बनवायला घेतली होती. आराखडा त्यांच्या खिशातच असे. तारा जोडल्या, डोकी बसवली, फडताळं बसवली. पेटी तयार झाली आणि त्याच आठवड्यात समुद्रात वादळ उठलं.

बंदर अधिकारी सकपाळ धावतच आले. "साहेब, संध्याकाळच्या भरतीला सगळ्या बोटी सुटणार. सोडू की थांबवू?"

पेटी सुरू झाली. आणि काय सांगू, दुपारच्या आत उत्तर! वादळ उत्तरेला वळणार, आपल्या बंदराला धोका नाही. रेगेसाहेबांना आभाळ ठेंगणं झालं. सकपाळांनी फोनला हात घातला.

शालिनीबाई म्हणाल्या, "थांबा. पुन्हा एकदा चालवू."

पुन्हा चालवली. उत्तर आलं, वादळ थेट आपल्याच बंदरावर.

सकपाळांचा हात फोनवर तसाच राहिला. "अहो, यातलं खरं कोणतं?"

साहेबांनी पेटी उघडली. शालिनीबाई वाकून बघायला लागल्या आणि त्यांचा चेहराच उतरला. "हाकेची तार कुठाय?"

"कसली हाकेची तार?"

"कुठल्याही डोक्यानं आकडा बदलला की त्यानं रस्त्यावर हाक द्यायची. बाकीच्यांनी कान रस्त्याला लावून बसायचं, आणि हाक ऐकली की आपल्या फडताळातला तो आकडा टाकून द्यायचा. त्यासाठी रस्त्याला एक जादा तार हवी. फडताळं मी तशीच केलीत. पट्टीत तारच नाही, म्हणजे यांची हाक कुणाला ऐकूच जात नाहीये! कोण कधी शिळा आकडा उचलेल याचा नेम नाही, म्हणून दर वेळी उत्तर वेगळं."

रेगेसाहेब कडाडले, "मग मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं. चहाला सांगितलं, आणि चांगलं ओरडून सांगितलं. सगळ्यांनी जुने आराखडे फाडले. तुम्ही नव्हता."

साहेबांचे कान लाल झाले. मनात आलं, पहिलंच उत्तर खरं धरावं, दुसऱ्या खेपेला काहीतरी बिघडलं म्हणून सांगावं. कुणाला कळणार? एवढी वर्षं कमावलेलं नाव तरी राहील.

तेवढ्यात दारातून आवाज आला. चांगुणा मासळीची पाटी खाली ठेवून उभी होती. "सायेब, बोलली म्हनं पेटी? मग धाडू ना लेकाला?"

रेगेसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग ते सकपाळांकडे वळले. "बोटी थांबवा. पेटीचं एकही उत्तर खरं धरू नका. चूक माझी आहे."

"वरच्या साहेबांना काय कळवू?"

"कळवा, रेग्यानं घोळ घातला."

मग त्यांनी खिशातला जुना आराखडा काढला आणि सगळ्यांसमोर टराटरा फाडला. बाह्या सरसावल्या आणि शालिनीबाईंना म्हणाले, "तुम्ही सांगा, मी जोडतो."

एकेका डोक्यापर्यंत तार न्यायची होती. तारांना तापल्या कथलाचा डाग देताना साहेबांची बोटं भाजत होती. बाहेर धक्क्यावर बोटींचे नाखवे चिडले होते. कोणी म्हणत होतं, ऐन हंगामात दिवस फुकट घालवला या पेटीवाल्यांनी. कोणी तर बोटीचा दोर सोडायला निघाला होता. चांगुणा मात्र आपल्या लेकाचा दंड घट्ट धरून बसली होती.

भरती चढायला लागली तेव्हा शेवटची तार जोडून झाली. पेटी चालवली, पुन्हा चालवली, आणखी एकदा चालवली. दर वेळी एकच उत्तर आलं. वादळ इकडेच येतंय.

आणि ते आलं. धक्क्याची पार दैना उडाली, कौलं उडाली, बांधलेल्या बोटी एकमेकींवर आपटल्या. पण दर्यात एकही माणूस नव्हता.

वादळ शमल्यावर चांगुणा लेकाला घेऊन कार्यशाळेत आली. चहाची वेळ होती. रेगेसाहेब मधल्या दालनात सगळ्यांबरोबर उभे होते. हातात कप होता, आणि चहा चांगला गरम होता.

"सायेब, बोलली तुमची पेटी!" चांगुणा म्हणाली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"आधी ऐकायला शिकली, मावशी," साहेब म्हणाले, "मग बोलली." आणि त्यांनी आपला कप तिच्या हातात दिला.

तात्पर्य: पुष्कळ हुशार डोकी एकत्र आणली म्हणून काम होत नाही, दुसऱ्यानं "बदललं" म्हणून सांगितलं की ते ऐकून आपल्याजवळचं शिळं टाकून द्यावं लागतं, आणि जो जितका मोठा, त्यानं तितकं आधी टाकावं.